घारीच्या चुकांची वही

कापडाच्या कारखान्यात, तपासणी खात्यात, तिला सगळे ‘घार’ म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिला ऐकू जाईल इतपत हळू म्हणत, आणि तिलाही ते मनातून आवडे. एकतीस वर्षं ती एकाच टेबलाशी उभी होती. टेबल तिरकं, वर दुधी काच, काचेखाली दिवे. एका रुळावरून ठाण उलगडत यायचं, दिव्यांवरून सरकायचं आणि दुसऱ्या रुळावर गुंडाळलं जायचं. मधल्या दोन हात उजेडात जे काय दिसेल ते पकडायचं. तुटका धागा, गाठ, तेलाचा डाग, विणीतली विरळ पट्टी. दिसलं की पायाने यंत्र थांबवायचं, खडूने गोल करायचा, काठाला लाल दोऱ्याची शेंडी बांधायची आणि पुढे जायचं.

असलं काम एकतीस वर्षं केल्यावर माणसाचा स्वभाव सरळ राहील असं ज्याला वाटतं त्याने ते स्वतः करून पाहावं. निर्मळ ठाण आलं की बाकीच्या बायकांना हायसं वाटे. हिच्या मनात शंकेची पाल चुकचुके. एवढं चांगलं कसं? मग ती तेच ठाण उलटं फिरवून पुन्हा पाही. तीनदा तिचा संशय खरा निघाला होता, तेव्हापासून तिला बोलायची कोणाची टाप नव्हती. घरी तोच खाक्या. नवऱ्याने आपणहून भांडी घासली तर ती आधी विचारी, “काय फुटलं?”

खात्यात आणखी एक प्रकार चाले. महिन्यातून एकदा पर्यवेक्षक नेहमीच्या ठाणांत एक मुद्दाम दोष पेरलेलं ठाण घुसडायचा, कोण किती पकडतं ते बघायला. त्याला बायकांनी नाव ठेवलं होतं ‘सासूचं ठाण’. ते ज्या टेबलावर पहिल्यांदा येई तिथली बाई दोनदा खोकायची, म्हणजे पुढच्या सावध. कापसाच्या तुसामुळे त्या खोलीत सगळ्याच दिवसभर खोकत आणि शिंकत, त्यामुळे त्या दोन खोकल्यांचा वास पर्यवेक्षकाला कधी लागला नाही.

अशा या घारीने पाच महिन्यांपासून स्वतःच्याच डोक्याची तपासणी मांडली होती. त्यासाठी एक छोटी निळी वही होती, ती पर्सच्या आतल्या कप्प्यात, रुमालात गुंडाळलेली. ‘मंगळवार. स्वयंपाकघरात गेले, कशाला ते आठवेना. दोन मिनिटं.’ ‘शुक्रवार. शेजारणीच्या थोरल्या मुलाचं नाव. जिना उतरल्यावर आठवलं.’ ‘रविवार. चष्मा शोधला. कपाळावर होता.’ ‘सोमवार. कुलूप लावलं का ते बघायला बसस्टॉपवरून परत. लावलं होतं.’ काखेत कळसा अन् गावाला वळसा, असं म्हणून कोणीही शहाणा माणूस हसून सोडून देईल अशा गोष्टी. हिने सोडल्या नाहीत. पाच महिन्यांत दोनशे चौदा दोष झाले होते.

सोडल्या नाहीत याला कारण होतं. कारण तिची आई.

आईचं असंच सुरू झालं होतं, सत्तावन्नाव्या वर्षी. आता ही छप्पन्न. आई तीच गोष्ट दोनदा सांगायची, चहात मीठ घालायची, आणि ही हसण्यावारी न्यायची. दुसऱ्याच्या कापडातली गाठ हिला दहा हातांवरून दिसे, पण स्वतःच्या आईत काय उसवतंय ते हिला दिसलं नाही. मग एका दुपारी आई हिच्या अकरा महिन्यांच्या मुलीला घेऊन बाजारात गेली आणि भाजीची पिशवी घेऊन एकटीच परत आली. “बाळ कुठंय?” हिने विचारलं. आईने पिशवी ओट्यावर ठेवली, भाज्या एकेक बाहेर काढल्या आणि शांतपणे विचारलं, “कुठलं बाळ?”

मूल बसस्टॉपच्या बाकावर सापडलं. एका कंडक्टरने उचलून मांडीवर घेतलं होतं, त्याच्या शिट्टीशी खेळत बसलं होतं. काही झालं नव्हतं. पण आईच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं, म्हणजे जे काहीच नव्हतं, ते हिच्या डोळ्यांपुढून सत्तावीस वर्षांत गेलं नाही.

आणि आता बाकावरच्या त्याच मुलीला मुलगी झाली होती. पाच महिन्यांपूर्वी, आठवा महिना चालू असताना, लेक म्हणाली होती, “आई, माझी रजा संपली की तू सांभाळशील ना? तू तशीही दिवाळं वाजलेल्या त्या पाठीला घेऊन किती दिवस उभी राहणार? सोड नोकरी. माझा तुझ्याशिवाय कोणावर विश्वास नाही.” ही “बघू” म्हणाली. पुन्हा विचारलं, पुन्हा “बघू”. महिन्यापूर्वी लेकीने अगदी समोर बसवून विचारलं तेव्हा हिच्या तोंडून निघून गेलं, “ज्याचं मूल त्यानं सांभाळावं.” लेकीचा चेहरा खाडकन उतरला. खरं कारण सांगायचं तर वही दाखवावी लागली असती, आणि वही दाखवली असती तर लेकीने मूल कधीच हातात दिलं नसतं. तेव्हा आधीच नाही म्हटलेलं बरं, असा हिचा हिशेब. त्या दिवसापासून लेकीचा फोन आला तरी हवापाण्यापुरता येई.

संशयाची एक खोड असते, तो एका जागी बसत नाही. आता तिला सगळीकडेच काहीतरी शिजताना दिसू लागलं. शेजारच्या टेबलावरची, जिला तिच्या अखंड बडबडीमुळे ‘रेडिओ’ म्हणत, ती एकदा म्हणाली, “काय गं, आज गप्पशी?” झालं. हिला वाटलं, खात्यात कळलंय. नवरा पाण्याच्या मीटरांची नोंद घेणारा, दिवसभर लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे वाचणारा साधा माणूस. तो हल्ली प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतो असं तिच्या लक्षात आलं. का सांगतो? मला पहिल्यांदा कळत नाही म्हणून. (पहिल्यांदा ती ऐकत नसे, कारण मनात वहीची जुळवाजुळव चाललेली असे. हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार.) गेल्या सासूच्या ठाणात तिने बाराच्या बारा दोष पकडले, वर दोन असे, जे पर्यवेक्षकालाही ठाऊक नव्हते. तरी तिला आनंद झाला नाही. आपण खोकला ऐकला असणार, नाहीतर कसं जमलं असतं?

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते असं. शेवटी तिने मोठ्या इस्पितळात, स्मरणशक्तीच्या तपासणीसाठी वेळ घेतली. चिठ्ठीवर छापलं होतं, ‘घरातील एका व्यक्तीला सोबत आणावे.’ या ओळीकडे ती बराच वेळ पाहत राहिली. का आणावे? म्हणजे माझ्या मागे त्याला विचारणार.

इस्पितळात कशाला जायचं ते नवऱ्याला तिने बसमध्ये बसल्यावर सांगितलं. तो खिडकीकडे बघत म्हणाला, “मला वाटलं आपण पडद्याचं कापड घ्यायला चाललोय.”

“काल सांगितलं की इस्पितळात जायचंय.”

“सांगितलंस? असेल. माझ्या डोक्यात पडदेच होते.”

तिने मुकाट्याने वही काढली आणि दोष दोनशे पंधरा लिहिला, ‘नवऱ्याला सांगायचं राहिलं बहुतेक.’

डॉक्टरीण पस्तिशीची असेल. टेबलावर कागदांचा ढीग, पेन शोधायला तिला तीन खिसे चाचपावे लागले. ते पेन केसांतच खोचलेलं होतं. घारीने ते पहिल्याच क्षणी पाहिलं होतं, पण बोलली नाही. “बसा काकू,” डॉक्टरीण म्हणाली. डॉक्टर एरवी कोणाला काकू म्हणतात? वाईट बातमी द्यायची असली की म्हणतात.

“काय होतंय, तुमच्या शब्दांत सांगा.”

मग घारीने सांगायला सुरुवात केली ती अर्धा तास. वही उघडलीच नाही. तारीख, वार, कुठे उभी होते, कोण समोर होतं, काय विसरलं, किती वेळाने आठवलं. नवरा तोंडाचा आ करून ऐकत राहिला. एकदाही तिने “हो ना हो?” म्हणून त्याच्याकडे मान वळवली नाही, उलट तो एक-दोनदा मध्ये बोलायला गेला तर “तुम्हाला नाही आठवणार,” म्हणून तिने त्याला गप्प केलं. डॉक्टरीण काहीतरी लिहीत होती. काय लिहितेय ते उलटं वाचायचा घारीने प्रयत्न केला, पण अक्षर डॉक्टरचं होतं.

“झोप?”

“लागते. तीनला उघडते.”

“मग काय करता?”

“दिवसभराचं आठवून बघते. सगळं येतंय का.”

“मन उदास राहतं? कशात रस वाटत नाही असं?”

“रस कशाचा, भीती वाटते.”

“औषधं कुठली चालू आहेत?”

“एकही नाही. मी गोळ्या घेणाऱ्यातली नाही.”

“आणि ती शिंकांची?” नवरा म्हणाला.

“ती काय औषध आहे होय!” घार तडकली. “ती कारखान्यातली गोळी.”

डॉक्टरिणीने पेन खाली ठेवलं. मग हळूहळू बाहेर आलं की तपासणी खात्यात भिंतीवर एक पांढरी पेटी आहे, तिच्यात पट्ट्या, मलम आणि शिंकांच्या गोळ्या असतात. तूस नाकात गेलं की घ्यायची. सगळ्याच बायका घेतात, मीठ-मिरपूड घ्यावी तशी. घारीचं नाक या वर्षी जास्तच बिघडलं होतं, म्हणून एक सकाळी, दोन झोपताना. रोज. ती औषधात धरायची हे एकतीस वर्षांत कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. गोळीचं नाव विचारल्यावर घारीने पाकिटावरचं बारीक अक्षरातलं नाव धडाधड सांगितलं. डॉक्टरीण म्हणाली, “ही जुन्या पद्धतीची आहे. शिंक थांबवते, पण डोक्यावर गोधडी घालते. आजपासून बंद. दुसरी देते.”

एवढंसं कारण? घारीला ते पटलं नाही. गोळ्या तर रेडिओही घेते, आणि तिला सगळ्या गावाची बित्तंबातमी पाठ असते.

नंतर नवऱ्याला बाहेर बसवून परीक्षा झाली. आता इथे घारीची खरी कथा. तिने काय केलं होतं? रेडिओच्या वडिलांची तपासणी याच इस्पितळात झाली होती. तेव्हा घारीने जेवणाच्या सुट्टीत, अगदी सहज विचारल्यासारखं करून, तिथे काय विचारतात ते काढून घेतलं होतं. पाच शब्द सांगतात, मग दुसरंच काहीतरी करायला लावतात, मग ते पाच शब्द विचारतात. शब्द कुठले तेही रेडिओने सांगितले. कारखान्यातल्या कुठल्याही बाईने हेच केलं असतं. सासूचं ठाण येणार हे माहीत असताना खोकल्याची वाट न बघणारी बाई त्या खात्यात टिकतच नाही.

पण डॉक्टरिणीचे शब्द निघाले भलतेच. शिडी, मध, खिडकी, बदक, तांबडा. घार घाबरली. मग शंभरातून सात-सात वजा करायला लावले, घड्याळ काढायला लावलं, चित्रं ओळखायला लावली. हिने सगळं केलं, पण मनात एकच चाललेलं, आपण पकडले गेलो. पाच शब्द परत विचारल्यावर ते तिने सांगितले आणि शरमेने मान खाली घातली.

“पाचही बरोबर,” डॉक्टरीण म्हणाली. “मग चेहरा का असा?”

“मी लबाडी केली.”

“कसली?”

“मला दुसरे शब्द माहीत होते. मैत्रिणीकडून काढून घेतले होते. तुम्ही बदलले नसते तर तुमची ही सगळी परीक्षा वाया गेली असती.”

“कुठले दुसरे?”

“पूल, कात्री, संत्रं, घुबड, ओला.”

“लिहून पाठ केलेत?”

“नाही हो. लिहिले असते तर लबाडी पक्की झाली असती. एकदाच ऐकले. ती डबा उघडत होती, झाकण घट्ट बसलेलं, त्यात तिचं नख मोडलं, आणि घुबड म्हणताना ती हसली.”

“कधीची गोष्ट?”

“उद्या तीन आठवडे होतील.”

डॉक्टरीण खुर्चीत मागे टेकली आणि मोठ्याने हसली. घारीला ते हसणं अजिबात आवडलं नाही. लबाडी पकडल्यावर पर्यवेक्षक हसत नाही, तो ओरडतो. हसतोय म्हणजे पाणी मुरतंय.

त्यानंतर तिला बाहेर पाठवून नवऱ्याला आत घेतलं. दाराला धुरकट काच होती. काचेतून त्याचं डोकं दिसत होतं. आधी नाही-नाही म्हणून हललं, मग हो-हो म्हणून, मग बराच वेळ खाली गेलं. घारीने ते सगळं मोजलं. पाच नाही, दोन हो, एक खाली. तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे जरा लाल होते, आणि तिची खात्री पटली.

“काय विचारलं?” बसमध्ये तिने दरडावलं.

“विचारलं, हिचं विसरणं तुम्हाला कधीपासून जाणवलं. म्हटलं, मला कुठे जाणवलं? मला आजच कळलं.”

“आणि?”

“आणि काही महत्त्वाचं विसरते का. म्हटलं, लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात मी काय बोललो होतो ते अजून शब्दन्‌शब्द ऐकवते.”

“मग डोकं खाली का घातलंत?”

“सासूबाईंचं सांगितलं. बाकाचं. इतकी वर्षं तू एकदाही बोलली नाहीस, म्हणून मीही नाही.”

तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. खरं सांगत असेलही. पण सगळं सांगतोय कशावरून?

डॉक्टरिणीने दोन गोष्टी सांगितल्या होत्या. रक्त आणि डोक्याचा स्कॅन करून पंधरा दिवसांनी या. आणि तोवर स्वतःची वही बंद. “लिहायचंच असेल तर बाकीच्यांचं लिहा. तुमच्याकडे एका मागाचं ठाण खराब आहे हे कसं ठरवता? दुसऱ्या मागाचं शेजारी ठेवल्याशिवाय?” हा मुद्दा मात्र घारीला झोंबला. एकतीस वर्षांत तिने शेजारी दुसरं ठाण न ठेवता एकाही मागाला नापास केलं नव्हतं, आणि स्वतःच्या बाबतीत हा साधा नियम तिला सुचला नव्हता.

मग काय, आपलं झाकून दुसऱ्याचं वाकून बघायचा परवानाच मिळाला. पंधरा दिवसांत नवऱ्याचे अठ्ठ्याऐंशी दोष झाले. एकदा तो एका पायात काळा आणि एका पायात तपकिरी बूट घालून कामावर जाऊन आला आणि संध्याकाळपर्यंत त्याला पत्ता नव्हता. रेडिओने एकच किस्सा चारदा सांगितला, आणि तो मुळात घारीनेच तिला सांगितलेला होता. पर्यवेक्षक सासूचं ठाण कुठल्या गठ्ठ्यात घातलं तेच विसरला आणि ते तसंच गिऱ्हाइकाकडे जाता जाता वाचलं. आणि यातल्या एकाच्याही चेहऱ्यावर चिंतेची रेघ नव्हती. घार बघत राहिली. माणसं इतकी भोकाभोकांची असतात आणि तशीच आरामात फिरतात, हे तिला छप्पन्नाव्या वर्षी कळत होतं.

तरी संशय काही गेला नाही. कदाचित सगळ्या गावालाच झालं असेल.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरिणीने निळी वही मागितली. ती चाळली आणि पहिल्या पानावर बोट ठेवलं. “या तारखेला काय झालं होतं?”

“ही पहिली चूक. दुधाची पिशवी फ्रिजऐवजी कपाटात.”

“आणि आदल्या दिवशी?”

घारीला आदला दिवस स्वच्छ आठवत होता. लेक पाय वर करून खुर्चीत बसली होती, पोटावर बशी ठेवून खात होती, आणि म्हणाली होती, तुझ्याशिवाय कोणावर विश्वास नाही.

तिने ते सांगितलं. डॉक्टरिणीने वही बंद केली. “रक्त ठीक, थायरॉइड ठीक, स्कॅन वयाच्या मानाने छान. परीक्षा उत्तम. तुमच्या आईंना जे झालं होतं ते तुम्हाला झालेलं नाही. पण तुम्हाला काहीच झालेलं नाही असंही मी म्हणत नाही. त्रास खरा आहे. तुमचं सगळं लक्ष पहाऱ्यावर बसलंय, काकू. दूध कुठे ठेवायचं ते बघायला लक्ष उरतच नाही. गोष्ट आत गेलीच नाही तर बाहेर कशी येणार? त्यात अर्धवट झोप, त्यात ती गोळी. हे बरं होतं, त्याच्यावर काम करता येतं.”

“म्हणजे मला पुढे कधीच होणार नाही?”

“ते मी कोणालाच सांगू शकत नाही. स्वतःलाही नाही.”

सगळ्या बोलण्यात घारीला हे एकच वाक्य भरवशाचं वाटलं. बाकीच्या ठाणावर एकही खूण नव्हती, आणि बिनखुणेच्या ठाणावर तिने आयुष्यात कधी विश्वास ठेवला नव्हता. घरच्यांनी आधी फोन करून ठेवला असेल. घाबरवू नका म्हणाले असतील.

रजा संपायला चार दिवस होते तेव्हा ती लेकीकडे गेली. सांगायचंच ठरवून गेली होती. डॉक्टर काय म्हणाली ते नाही, आपल्याला काय वाटतं ते. तुझं मूल मला देऊ नकोस, माझा भरवसा नाही, एवढं सरळ सांगून टाकायचं आणि यायचं.

लेकीने दार उघडलं ते अर्धंच. केस न विंचरलेले, खांद्यावर दुधाचा वाळलेला डाग, मूल कडेवर. घारीने हात पुढे केले तर लेकीने मूल जरा घट्ट धरलं. ती झटकन केलेली हालचाल घारीच्या नजरेतून सुटली नाही. सांगितलं वाटतं बापाने. हात तिने मागे घेतले.

“पाळणाघर ठरवलंय,” लेक म्हणाली. “तू काळजी करू नकोस. तुला त्रास देणार नाही.”

“मला काहीतरी सांगायचंय.”

“माहितीय काय सांगणारेस. तुला दिसलंच असणार, तुला सगळं दिसतं. ज्याचं मूल त्याने सांभाळावं म्हणालीस ना? मला तेही जमत नाही. बास?” आणि ती तिथेच, दारातल्या बुटांच्या स्टुलावर बसून रडायला लागली. मूल बिचकलं. घारीला काही कळेना.

हुंदक्यांतून निघालं ते असं. परवा लेक औषधाच्या दुकानात गेली होती. बाबागाडी काउंटरपाशी लावली, औषध घेतलं, सुट्टे पैसे पर्समध्ये टाकले, आणि बाहेर पडली. रस्ता ओलांडला. सिग्नलच्या खांबापाशी पोचल्यावर हात रिकामे लागले. मग ती गाड्यांमधून उलटी धावली. दुकानातली बाई दारात आली होती. “काय ताई,” म्हणाली फक्त. लेकीने ते नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

“आजीचं मला झालंय,” लेक म्हणाली. “ती मला विसरली, मी हिला विसरले. आई, मला भीती वाटते. मी दर अर्ध्या तासाला स्वतःला विचारते, ही कुठंय, ही कुठंय. हातात असली तरी विचारते.”

बाकाचं लेकीला कोणी सांगितलं हेही घारीने विचारलं नाही.

“किती झोपतेस?”

“दोन तास. कधी तीन.”

“सलग?”

“सलग कसली!”

“ऐक,” घार म्हणाली, आणि तिचा आवाज कारखान्यात पर्यवेक्षकाशी बोलताना निघायचा तसा निघाला. “मी होते त्या दिवशी घरात. तू नव्हतीस, म्हणजे होतीस पण बाकावर होतीस. आजीने पिशवी ठेवली आणि मला विचारलं, कुठलं बाळ. तिला रस्त्यात काही आठवलं नाही, घरी आल्यावर आठवलं नाही, तुला परत आणून तिच्या मांडीवर ठेवलं तरी आठवलं नाही. ती परत फिरली नाही. तू सिग्नलवरून परत फिरलीस. तुला काहीही झालेलं नाही. तुझी झोप झालेली नाही, आणि तू घाबरलेली आहेस. घाबरलेल्या माणसाचं सगळं लक्ष भीतीपाशी असतं, हातात काय आहे तिथे ते उरत नाही. हा त्रास खरा आहे, पण हा तो आजार नाही.”

बोलून झाल्यावर ती थबकली. हे सगळं तिला डॉक्टरिणीने सांगितलं होतं आणि तिने एका शब्दावर विश्वास ठेवला नव्हता. आता लेकीच्या बाबतीत तिला रतीभर शंका वाटत नव्हती. उलटसुलट फिरवून पाहिलं तरी वाटत नव्हती. आणि जे लेकीला लागू होतं ते आपल्याला लागू नाही म्हणायला तिच्याकडे एकही कारण उरलं नाही. तिचे डोळे भरून आले. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

“तुला कसं माहीत एवढं?” लेकीने नाक पुसत विचारलं.

“सांगते. आधी झोप. हिला इकडे दे.”

लेकीने मुलाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग मूल आईच्या हातात दिलं, आत गेली आणि पाय पलंगाखाली लोंबकळत असतानाच झोपली.

ती उठली तेव्हा ऊन खिडकीतून सरकून समोरच्या भिंतीवर गेलं होतं. बाहेरच्या खोलीत दुपटी जमिनीवर पसरलेली, एक मोजा खुर्चीखाली, आणि तिची आई जमिनीवर आडवी, पोटावर मूल, दोघी एकमेकींकडे बघून जीभ काढत होत्या.

“अगं चार तास! उठवायचं नाही का? दूध प्याली? रडली का?”

“रडली असेल मधे.”

“किती वेळा?”

घारीने आठवून पाहिलं. रडणं झालं होतं खरं, दूध झालं होतं, दुपटं बदलणं झालं होतं. कशानंतर काय, किती वाजता, कितीदा, यातलं काहीएक तिने पाहून ठेवलं नव्हतं.

“आठवत नाही बाई,” ती म्हणाली, आणि मुलाने पुन्हा जीभ काढली म्हणून तिनेही काढली.